सातशे वीस लघुस्वाक्षऱ्या

एखाद्या माणसाला चित्र काढता येत नाही, एवढं सिद्ध व्हायला खरं तर एक चित्र पुरतं. आमच्या कलावंतांना सातशे वीस लागली. सरकारी माणूस तो. एका प्रतीवर त्याचं भागत नाही.

कलावंत हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क. पण गेली सव्वीस वर्षं ऑफिसात, इमारतीच्या जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीत आणि घरी ताटावर बसल्यावर ते एकच वाक्य बोलत आले होते : "या नोकरीपायी माझी रेषा मेली." पुरावा म्हणून शाळेत काढलेल्या एका घोड्याचा हवाला असे. त्या घोड्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं आणि पहिलं कुणालाच दिलं नव्हतं, असं ते सांगत. तेव्हापासून लोक त्यांना कलावंत म्हणत. तोंडावर मान देऊन, पाठीमागं डोळा मारून. बायको मात्र काहीच म्हणत नसे. ती बाहेरच्या खोलीत लोकांचे कपडे शिवायची. मेलेल्या रेषेचा विषय निघाला की तिच्या पायाखालचं मशीन जरा जोरात चालायचं, एवढंच.

आणि एके दिवशी वरून पत्रक आलं. प्रत्येक खात्यानं पाणी वाचवण्यावर शाळकरी मुलांसाठी एक मिनिटाचा कार्टूनपट तयार करावा. बाहेरच्या माणसाकडून करून घेऊ नये. खात्यातल्याच कलागुणांना वाव द्यावा. साहेबांनी पत्रक वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "आपल्याकडे आहे का कुणी असं?"

सोळा माना एकाच दिशेला वळल्या. सव्वीस वर्षं उचलून टाळ्याला लावलेली जीभ त्या दिवशी टाळ्यालाच चिकटली.

"तुम्ही आर्टिस्ट ना?" साहेब म्हणाले. "बघा, तुमची तक्रार होती, संधी नाही. ही संधी. सहा आठवडे."

कलावंत घरी आले ते दोन इंच उंच होऊन. बायकोच्या तोंडात टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून काढल्या, उशीत खुपसल्या आणि मग म्हणाली, "बरं झालं. आता मेलेली उठेल."

हे कौतुक की टोमणा, याचा विचार करण्यात त्यांची पहिली संध्याकाळ गेली.

एक गोष्ट कलावंतांच्या बाजूनं सांगायला हवी. आपल्याला कार्टूनपट करता येत नाही, हे त्यांना मान्य होतं. घोडा वेगळा, हलता घोडा वेगळा. म्हणून त्यांनी बॅटरीच्या दुकानावर चालणाऱ्या एका ॲनिमेशनच्या क्लासात नाव घातलं. तिथली मुलंमुली एकोणीस-वीसची. शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या, केसांच्या गाठीत पेन्सिल खोचलेल्या. कलावंत आत शिरले तेव्हा एका मुलीनं उठून त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, कुणाला न्यायला आलात?"

मॅडमनी हिशोब सांगितला. सेकंदाला बारा चित्रं. मिनिटाला सातशे वीस.

"दर वेळी नवं काढायचं?" कलावंतांनी विचारलं. "कार्बन नाही चालत?"

"कार्बन लावलात तर चित्र जागचं हलायचं नाही, काका."

वर्गात कुणी हसलं नाही, आणि तेच जास्त लागलं. मग मॅडमनी त्यांना चेंडू काढायला सांगितला. खाली पडणारा, आपटणारा, वर जाणारा. चौपन्नाव्या वर्षी, घोड्यावर बक्षीस घेतलेल्या माणसाला चेंडू. कलावंतांनी तो अपमान गिळला आणि चोवीस कागदांवर चोवीस चेंडू काढले. मॅडमनी गठ्ठा बोटांतून फडफडवला, पुन्हा फडफडवला.

"तुमचा चेंडू पडत नाही, काका. कुणीतरी तो ठेवतंय."

"जपून पडतोय," कलावंत म्हणाले.

"चेंडू जपत नसतो. वजन बघायला शिका. घराबाहेर पडा, चालणारी माणसं बघा, पन्नास जणांचे नुसते पाय काढून आणा."

चालणारी माणसं भरपूर मिळावीत म्हणून कलावंत रविवारी सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन बसले. वही मांडीवर, पेन्सिल टोकदार. पहिला पाय कागदावर उतरतोय तोच हात गळ्यात बांधलेला एक माणूस पुढ्यात येऊन उभा राहिला. "माझा नंबर कितवा?" कलावंतांनी मान वर केली. मांडीवर वही, हातात पेन्सिल आणि समोर उभा राहिलेला माणूस, हे तीन योग जुळल्यावर हेडक्लार्कच्या हाताला दुसरं काही सुचत नाही. त्यांनी त्याचं नाव लिहून घेतलं. त्याच्यामागं एक बाई उभी राहिली. तिच्यामागं आणखी कोणी. दुपारपर्यंत वहीत अडतीस नावं, वयं आणि तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. पाय एकच होता, तोही घोट्याशी तुटलेला. शेवटी खरा नंबरवाला चहा पिऊन आला आणि म्हणाला, "परस्पर नंबर देताय? कुणाच्या सांगण्यावरून?" कलावंतांना बाहेर काढण्यात आलं. पण जाताना रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांचीच बाजू घेतली. "याच्या वहीप्रमाणंच आत सोडा," तो म्हणाला, "याचं अक्षर चांगलंय." चित्रकार म्हणून घराबाहेर पडलेल्या माणसाची त्या दिवशीची कमाई ही.

पाय मिळत नाहीत म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचे निवृत्त ओव्हरसियर मदतीला धावले. सल्ला मागावा लागत नाही अशी माणसं प्रत्येक जिन्यात एक तरी असतात. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते.

"चालणारा माणूस म्हणजे काय? हलता पूल," ओव्हरसियर म्हणाले. "आधी सांगाडा उभा करा. मी चालून दाखवतो, तुम्ही टिपा."

ते जिन्यावरून अकरा वेळा वर गेले, अकरा वेळा खाली आले, आणि धापा टाकत वहीत डोकावले. 

"या माणसाला दोन्ही पाय डावे आहेत."

"तुमचेच आहेत," कलावंत म्हणाले. त्यांना फक्त खरं बोलायचं होतं.

त्या दिवसापासून ओव्हरसियरनी बोलणं टाकलं. दोन दिवसांनी जिन्यात नोटीस लागली की जिना हा चढण्या-उतरण्यासाठी आहे. रहिवाशांनी त्याचा अन्य कारणासाठी उपयोग करू नये आणि कुणाच्याही शारीरिक व्यंगाचं चित्रण करू नये. ओव्हरसियरना व्यंग नव्हतं. पण नोटीस लागल्यावर इमारतीतला जो तो त्यांच्या पायांकडे बघू लागला, आणि बघणाऱ्यांमुळे ते खरोखरच जरा लंगडू लागले. तेवढं एक चित्र कलावंतांचं खरं ठरलं, असं म्हणायला हरकत नाही.

"दुसऱ्यांना कशाला चालवता?" मॅडम म्हणाल्या. "आरशासमोर उभे राहा. स्वतः करून बघा. तुमच्या चित्रात बाई आहे ना? मग बाई व्हा."

चित्रपट असा होता : एक बाई रिकामी बादली घेऊन चालत येते. वाटेत गळका नळ दिसतो. ती थांबते, वाकते, नळ घट्ट बंद करते आणि आपल्याकडे बघते. संपलं. घरात पुरुषभर आरसा एकच, बायकोच्या शिवणाच्या खोलीत, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघण्यासाठी लावलेला. कलावंत कमरेवर बादली घेऊन त्याच्यासमोर चालू लागले. एक हात कमरेवर, मान किंचित कलती. चौथ्या फेरीला दार उघडलं आणि मापाला आलेल्या एक बाई उंबऱ्यातच थबकल्या. कलावंत आरशातून त्यांच्याकडे बघत होते. बादली अजून कमरेवरच होती. "मी नंतर येते," असं म्हणून बाई गेल्या त्या आल्याच नाहीत.

बायकोनं मोजपट्टी गळ्यात अडकवली. "गिऱ्हाईक गेलं. चाल तरी आली का?"

"नाही," कलावंत म्हणाले.

तीन आठवडे गेले. तयार चित्रं एकतीस. साहेब रोज केबिनच्या दारातून विचारत, "कुठवर आली बाई?" आणि कलावंत म्हणत, "निघाली आहे, साहेब." सोळा माना टेबलांवर खाली होत. आता मागं फिरायला वाट नव्हती. चित्रं झाली नाहीत तर फजिती एका कार्टूनपटाची होणार नव्हती. सव्वीस वर्षांचं ते वाक्य खोटं ठरणार होतं. आणि ते खोटं ठरलं तर मग या माणसाजवळ स्वतःचं असं सांगण्यासारखं उरत काय होतं? बढतीची दोन पत्रं आणि बरं अक्षर.

मधली चित्रं त्यांचा जीव घेत होती. पद्धत अशी असते : आधी मुख्य चित्रं काढायची, पाय उचललेलं एक, पाय टेकलेलं एक. मग ते दोन कागद एकावर एक ठेवायचे, खालून दिवा लावायचा, आणि वर कोरा कागद घेऊन दोन्हींच्या मधलं चित्र काढायचं. मग त्याच्याही मधलं. कलावंतांनी कपाटाची काच काढून दोन स्टुलांवर ठेवली होती, खाली टेबललॅम्प. प्लग शिवणाच्या खोलीतच असल्यामुळे ती काच मशीनला खेटून बसली होती.

एका रविवारी सकाळी बायको इस्त्री तापायची वाट बघत उभी होती. कलावंत काचेवर वाकले होते, खालच्या उजेडानं नाकाची सावली कपाळावर पडली होती. खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं.

"काय अडलंय?"

"तुला नाही कळायचं. या दोन्हींच्या मधलं काढायचंय."

ती वाकून बघू लागली. "एवढंच? अठ्ठावीस मापाचा कागद आहे, बत्तिसाचा कागद आहे, तिसाचा काढायचाय."

"कपड्यासारखं नसतं ते."

"सरका जरा."

ते सरकले, कारण काचेवर टेकून त्यांचं कोपर दुखायला लागलं होतं. तिनं पेन्सिल शिंप्याच्या खडूसारखी आडवी धरली, क्षणभर दोन्ही कागदांकडे पाहिलं आणि खांद्यापासून टाचेपर्यंत रेघ ओढली. न थांबता. बाही जोडायच्या मुंढ्याची गोलाई ती रोज अशीच काढत होती : खडू एकदा कापडाला लागला की उचलायचा नाही, कारण जिथं खडू उचलला तिथं कात्री अडखळते. दुसरा कागद घेतला. तिसरा घेतला. असे वीस झाले. इस्त्री तापून गेली, एका गणवेशाला डाग पडता पडता राहिला, आणि तिच्या ओठांत मशीनवर बसल्यावरचं ते नेहमीचं गुणगुणणं चालू होतं, जे कलावंतांनी सव्वीस वर्षं ऐकलं होतं आणि कधी ऐकलं नव्हतं :

एक टाका पुढं गेला, मागच्याला हाक मारी
मागं राहिला जो धागा, त्याला पुढचाच तारी

"हात चांगला आहे तुझा," कलावंत म्हणाले, आणि मोठेपणानं पुढं म्हणाले, "थोडं मार्गदर्शन मिळालं तर."

ती वीस चित्रं आपल्या एकतिसांच्या खाली ठेवून ते क्लासला गेले. मॅडमनी गठ्ठा फडफडवायला सुरुवात केली. "ही बाई चालत नाही, काका, सरकतेय. खाली चाकं लावल्यासारखी…" आणि मग एकतीस संपून बत्तिसावं आलं. मॅडमचा अंगठा थांबला. त्यांनी ती वीस चित्रं पुन्हा पाहिली, हळू, मग जोरात, मग उलटी. वर्गातली मुलं उठून भोवती आली.

"हे कधी जमलं?"

कलावंतांनी खाकरल्यासारखं केलं. "सराव."

"हिचं वजन बघा. डावा पाय दाबून टाकतेय ती, उजवा हलका. दिवसभर एकाच पायानं काही दाबत बसणाऱ्या बाईची चाल आहे ही. कुठं बघितलीत?"

"घरात," कलावंत म्हणाले. ते खोटं नव्हतं. फक्त त्यांनी बघितली नव्हती.

त्या दिवशी ते घरी आले आणि दारातच थांबून बायको स्वयंपाकघरात जाताना बघत राहिले. डावा पाय दाबून, उजवा हलका. "काय बघताय?" तिनं विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. मॅडम काय म्हणाल्या ते त्यांनी तिला सांगितलं नाही. सांगणार होते. हातपाय धुऊन सांगू, चहा घेऊन सांगू, असं करत ते राहूनच गेलं. काही गोष्टी अशाच राहून जातात. त्यांना राहायला जागा आपणच करून देतो.

पुढचे तीन आठवडे चित्रं तिनं काढली. गणवेशांचे दिवस होते, तरी दोन कपड्यांच्या मधे, फोडणीला तेल तापेपर्यंत, गिऱ्हाईक येईपर्यंत. पहिली एकतीसही नव्यानं काढली. कलावंत लॅम्पची वायर धरत, कागद पुरवत आणि खाली क्रमांक टाकत. क्रमांक सुरेख पडत. नळाखालची दगडी कुंडी मात्र त्यांची होती, कारण ती शेवटपर्यंत हलत नव्हती. बाईचा चेहरा मोठा होऊन सगळा कागद भरतो तिथं आल्यावर तिनं एक डोळा तीनदा खोडला.

"चांगला तर आहे," कलावंत म्हणाले.

"बघतेय, पण कुणाकडे बघतेय ते कळत नाही," ती म्हणाली, आणि चौथ्यांदा काढला.

कलावंत अगदीच दगड नव्हते. चित्रं सादर करताना त्यांनी टिपणीत शेवटी एक ओळ घातली : सदर कामी पत्नीचे साहाय्य झाले आहे. साहेबांनी ती ओळ वाचली आणि दार लोटून घेतलं.

"हे काय? बाहेरच्या व्यक्तीनं खात्याचं काम केलं? निविदा कुठाय? तीन दरपत्रकं कुठायत?"

"तीन कुठून आणू, साहेब? बायको एकच आहे."

"मग ओळ काढा. आणि खाली प्रमाणित करा की सर्व चित्रं मी स्वहस्ते काढली आहेत. उद्या तपासणीवाले विचारतील तेव्हा मी काय दाखवू, तुमचा संसार?"

इथं एक कडू गोष्ट लिहायची तर लिहून टाकावी. नियम आडवा आला तेव्हा कलावंतांना वाईट वाटलं, हे खरं. पण त्या वाईटाच्या खाली, काचेखालच्या दिव्यासारखं काहीतरी उजळलं, हेही खरं. सुटलो, असं वाटलं. त्यांनी ओळ खोडली आणि प्रमाणित केलं.

घरी येऊन ते म्हणाले, "तुझं नाव नियमात बसत नाही."

"मी कुठं म्हटलं बसवा म्हणून," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, दोरा ओवत, "घातलं होतंत का?"

"घातलं होतं."

"बरं."

ते 'बरं' इतकं लहान होतं की त्यात मावलेलं सुख त्यांना दिसलं नाही.

मग गठ्ठा आवक-जावकला गेला. तिथल्या बाई नियमाच्या पक्क्या. देवाचं पत्र आलं तरी आधी पाकिटावर तारीख बघतील.

"सुटे कागद आहेत हे," बाई म्हणाल्या. "भांडारातून घेतलेला कागद. प्रत्येकावर शिक्का पडल्याशिवाय आणि शिक्क्यावर तुमची लघुस्वाक्षरी झाल्याशिवाय मी पुढं सोडणार नाही. अर्धी सही शिक्क्यावर, अर्धी कागदावर."

"चित्रं आहेत हो ती."

"असतील. आत काय आहे ते मी कधी वाचत नाही."

दोन दिवस बाई शिक्का मारत होत्या आणि कलावंत सही करत होते. जिथं कोरी जागा दिसेल तिथं. चित्रातली बाई चालत पुढं जात होती, तसतशी कोरी जागा मागं पडत होती. आणि चेहऱ्याच्या कागदांवर कोरी जागाच नव्हती, तिथं मिळेल तिथं. पाचशेच्या पुढं तर हात आपोआप चालला होता. खरं सांगायचं तर सव्वीस वर्षांत त्यांची रेघ इतकी मोकळी कधी सुटली नव्हती.

कार्यक्रमाच्या सकाळी कॉम्प्युटर विभागानं चित्रं ओळीनं लावून दिली. आधी बघायला वेळ कुणाला होता? शाळेचं सभागृह, पुढं साहेब आणि साहेबांचे साहेब, मागं चारशे मुलं. बायकोनं त्या दिवशी मशीन बंद ठेवलं होतं. इस्त्रीचे कपडे घालून ती शेवटच्या रांगेत बसली होती. कलावंतांना ते पुढच्या रांगेतून दिसत होतं.

अंधार झाला. पडद्यावर बाई आली. डावा पाय दाबून, उजवा हलका, कमरेवर बादली. एवढी खरी चालली की मुलं गप्प झाली. आणि मग सगळ्यांना ते दिसलं. तिच्या मागं हवेत एक जांभळा गोल थरथरत येत होता. कधी वर, कधी खाली, सेकंदाला बारा वेळा जागा बदलत, आणि त्याला सहीची शेपटी. बाई थांबली की गोल तिच्याभोवती घिरट्या घाली. ती वाकली की पाठीवर बसे. मुलांत खसखस पिकली. "माशी, माशी," कुणीतरी म्हणालं. मग बाईनं नळ बंद केला आणि वळली. पडदाभर चेहरा. माशी कपाळावर बसली, गालावर बसली, नाकावर, ओठांवर, डोळ्यांवर. कुणाकडे तरी बघणारी ती बाई, आणि तिच्या तोंडावर आमच्या कलावंतांची लघुस्वाक्षरी साठ वेळा नाचली. चारशे मुलं बाकं बडवत होती.

दिवे लागले. साहेबांचे साहेब उठून टाळ्या वाजवत होते. "खात्याचा शिक्का सतत जनतेच्या पाठीशी," ते म्हणाले. "काय कल्पना आहे. कोण आहेत हे कलाकार?"

कलावंतांना वर नेण्यात आलं. हातात प्रमाणपत्र, फुलांचा गुच्छ, तोंडापुढं माईक. दोन शब्द बोला म्हणाले. त्यांनी तोंड उघडलं आणि सवयीनं "या नोकरीपायी माझी…" इथवर आले. शेवटच्या रांगेत ती टाळ्या वाजवत होती. लोकांच्या मुलांना बक्षीस मिळाल्यावर वाजवतात तशा, नीट, मोजक्या.

"धन्यवाद," ते म्हणाले आणि खाली उतरले.

दोघं घरी निघाली. वळणावर ती म्हणाली, "पोरांना माशी वाटली. मी सही ओळखली."

"नियम होता गं. प्रत्येक कागदावर."

"असेल. गालावर नियम होता, ठीक आहे." तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "डोळ्यावर नको होती."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गणवेश सुरू झाले. काच कपाटाला परत लागली. ती भांडली असती तर बरं, असं कलावंतांना आठवडाभर वाटत राहिलं. शेवटी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक खरं चित्र काढलं. ते अर्थातच अर्जाच्या स्वरूपात होतं. विषय : अभिलेखात दुरुस्ती होणेबाबत. अर्जदारास चित्र काढता येत नाही. पूर्वीही येत नव्हते. संदर्भीय सातशे वीस चित्रे अर्जदाराच्या पत्नीने काढलेली असून अर्जदाराने केवळ क्रमांक टाकले आहेत व एक कुंडी काढली आहे. तरी तशी नोंद व्हावी, ही विनंती.

आवकच्या बाईंनी शिक्का उचलला, आणि कारकिर्दीत पहिल्यांदा आत काय आहे ते वाचलं. शिक्का हातातच राहिला.

"पाठवू खरंच?"

"पाठवा."

साहेबांनी बोलावून घेतलं. "डोकं ठिकाणावर आहे? खोटं प्रमाणित केलं म्हणून तुमच्यावर कारवाई, शिक्के मारले म्हणून त्या बाईंवर, गुच्छ दिला म्हणून माझ्यावर. एका बायकोपायी किती संसार उठवणार आहात?"

पंधरा दिवसांनी लेखी उत्तर आलं. ते घेऊन कलावंत घरी आले आणि शिवणाच्या खोलीत उभं राहून त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. अभिलेख तपासला असता सर्व सातशे वीस चित्रांवर आपली लघुस्वाक्षरी आढळून येते. सबब, आपणास चित्र काढता येत नाही, हे मान्य करता येत नाही. सोबत नवीन आदेश जोडला आहे : विहिरींवर दोन मिनिटांचा चित्रपट, चित्रे चौदाशे चाळीस.

ती जमिनीवर कापड पसरून बसली होती. "म्हणजे आता कागदोपत्री झालात कलाकार."

"या वेळी तुझं नाव घातल्याशिवाय मी देणारच नाही. राजीनामा देईन."

"देऊ नका. आणि कागद आणू नका माझ्यापुढं." ती शांतपणे म्हणाली. "मला कापडच बरं."

"अगं, पण तुझा हात…"

"मॅडम काही म्हणाल्या होत्या का हो तेव्हा? ती पहिली वीस नेलीत तेव्हा?"

खोलीत मशीनही चालू नव्हतं. कलावंतांनी मग सगळं सांगितलं, अंगठा थांबला इथपासून वजनापर्यंत, डाव्या पायापर्यंत. ती ऐकत होती. कापडावरची एक सुरकुती तिनं तळव्यानं सपाट केली, तिथं सुरकुती नव्हती तरी पुन्हा केली.

"तेव्हा सांगितलं असतंत तर," ती म्हणाली, आणि वाक्य तिथंच सोडलं.

तिनं खडू उचलला. खांद्याच्या टोकाला टेकवला आणि मुंढ्याची गोलाई काढली. एका दमात, न उचलता, जशी रोज काढत होती. कलावंत सरकारी उत्तर हातात धरून खिडकीपाशी उभे होते. ती रेघ ते पहिल्यांदाच बघत होते.

"बाजूला व्हा," ती मान वर न करता म्हणाली. "उजेड अडतोय."